चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील प्रयोगशाळा तंत्रज्ञ

रुग्णाचे रक्त, थुंकी, लघवी, शौच किंवा त्वचेतील द्रव यांची शास्त्रीय पद्धतीने तपासणी करून रोगनिदानास आधार पुरवणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीस प्रयोगशाळा तंत्रज्ञ असे म्हणतात. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाकडील चंद्रपूर आणि गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांत या व्यवसायाला विशेष महत्त्व आहे. हिवताप, सिकलसेल, क्षयरोग, हत्तीरोग आणि कुष्ठरोग हे येथील प्रमुख आरोग्यप्रश्न असून त्यांपैकी बहुतेकांचे निदान सूक्ष्मदर्शकाखालील काचपट्टीवर किंवा परीक्षानळीत होते. मोठ्या शहरातील तंत्रज्ञाच्या जवळ वरिष्ठ सहकारी, विकृतिशास्त्रज्ञ आणि स्वयंचलित यंत्रे असतात. जंगलातील प्राथमिक आरोग्य केंद्रात नव्याने रुजू झालेला तंत्रज्ञ मात्र अनेकदा आपल्या कक्षात एकटाच असतो. त्यामुळे या भागातील सेवेची पहिली काही वर्षे हाच व्यवसायातील खरा शिक्षणाचा काळ ठरतो.

भौगोलिक व सामाजिक पार्श्वभूमी

२६ ऑगस्ट १९८२ रोजी तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार चंद्रपूर जिल्ह्याची लोकसंख्या २२,०४,३०७, तर गडचिरोली जिल्ह्याची १०,७२,९४२ इतकी होती. गडचिरोलीचे क्षेत्रफळ १४,४१२ चौ. किमी असून त्याचा बहुतांश भाग वनांनी व्यापलेला आहे. चंद्रपूर जिल्ह्यात एकीकडे कोळसा खाणी, औष्णिक वीज केंद्र व कागद कारखाना असा औद्योगिक पट्टा आहे, तर दुसरीकडे ताडोबाचे आणि जिवती, कोरपना भागातील डोंगराळ क्षेत्र आहे.

गडचिरोलीच्या दक्षिण भागातील भामरागड, एटापल्ली, अहेरी व सिरोंचा हे तालुके दुर्गम समजले जातात. सिरोंच्याहून जिल्ह्याचे ठिकाण दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. इंद्रावती, पामुलगौतम व पर्लकोटा या नद्यांच्या संगमाजवळ वसलेल्या भामरागडचा संपर्क पावसाळ्यात पुरामुळे वारंवार तुटतो. हिवतापाचा जोरही याच दिवसांत असतो. रोगाचे दिवस आणि रस्ता बंद असण्याचे दिवस असे एकत्र आल्यामुळे येथे ‘नमुना पुढे पाठवणे’ हा नेहमीचा मार्ग अनेकदा उपलब्ध नसतो.

या भागात झाडीबोली व प्रमाण मराठीबरोबर गोंडी, माडिया, तेलुगू, बंगाली आणि छत्तीसगढी या भाषाही बोलल्या जातात. सिरोंचा भागात तेलुगूचा, मुलचेरा व चामोर्शी तालुक्यांतील निर्वासितांच्या वसाहतींत बंगालीचा, तर कोरची भागात छत्तीसगढीचा वापर आढळतो. रक्त का घ्यायचे, थुंकी कशी द्यायची आणि अहवालाचा अर्थ काय हे रुग्णाला त्याच्या भाषेत समजावणे हा येथे तपासणीचाच एक भाग मानला जातो.

ऐतिहासिक आढावा

प्रयोगशाळेतील निदानाचा पाया एकोणिसाव्या शतकात घातला गेला. गेऱ्हार्ड हॅन्सन यांनी १८७३ मध्ये कुष्ठरोगाचा जीवाणू, आल्फोन्स लाव्हेराँ यांनी १८८० मध्ये हिवतापाचा परजीवी, तर रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयरोगाचा जीवाणू दाखवून दिला. हिवतापाचा परजीवी डासाच्या शरीरात वाढतो हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे सिद्ध केले. महाराष्ट्रात वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईतील प्लेगच्या साथीत सुरू केलेली प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळ येथे स्थलांतरित झाली. १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते.

ग्रामीण भागात सूक्ष्मदर्शक पोहोचला तो प्रामुख्याने हिवतापाच्या निमित्ताने. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. ताप आलेल्या प्रत्येक व्यक्तीच्या रक्ताचा नमुना घ्यायचा आणि तो प्रयोगशाळेत तपासायचा, ही पद्धत या कार्यक्रमामुळे गावोगावी रूढ झाली. आजही अनेक गावांत ‘रक्ताची काच घेणे’ हा शब्दप्रयोग हिवतापाच्या तपासणीसाठीच वापरला जातो.

चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा येथे बाबा आमटे यांनी स्थापन केलेल्या आनंदवनामुळे कुष्ठरोगाच्या उपचाराला व पुनर्वसनाला दिशा मिळाली. १९७३ मध्ये भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाची सुरुवात झाली. डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे वीज, पक्के रस्ते व आधुनिक साधने नसताना माडिया गोंड समाजासाठी वैद्यकीय सेवा उभारली. या कार्यासाठी दोघांना २००८ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीत संशोधनाची परंपरा निर्माण केली. धानोरा मार्गावरील चातगावजवळ या संस्थेचे शोधग्राम हे केंद्र आहे.

‘सर्च’ने गडचिरोलीतील दोन गावांत केलेल्या स्त्रियांच्या आरोग्याच्या अभ्यासाचा निष्कर्ष १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात ६५० स्त्रियांची वैद्यकीय व प्रयोगशालेय तपासणी करण्यात आली आणि ९२ टक्के स्त्रियांमध्ये एक वा अधिक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले. रुग्णालयात कधी न आलेल्या स्त्रियांचे आजार नोंदींत दिसत नव्हते. गावात जाऊन केलेल्या तपासण्यांमुळे ते प्रथमच जगासमोर आले. प्रयोगशाळा ही केवळ रुग्णालयाची खोली नसून समाजाच्या न बोललेल्या दुखण्याची नोंद घेणारे साधन होऊ शकते, हे या अभ्यासातून स्पष्ट झाले.

चंद्रपूर येथे २०१५ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्यापूर्वी गुंतागुंतीच्या तपासण्यांसाठी रुग्णांना प्रामुख्याने नागपूर किंवा सेवाग्राम गाठावे लागे.

शिक्षण व नोंदणी

या व्यवसायात प्रवेश करण्याचा रूढ मार्ग म्हणजे विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण झाल्यानंतर वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका घेणे. ही पदविका ‘डीएमएलटी’ या नावाने ओळखली जाते. नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत परावैद्यक तंत्रज्ञानाचा पदवी अभ्यासक्रम असून त्यात तीन वर्षांच्या शिक्षणानंतर एक वर्षाची आंतरवासिता असते. रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जीवशास्त्र विषयांतील विज्ञान पदवीधरही पदव्युत्तर पदविका घेऊन या क्षेत्रात येतात.

अभ्यासक्रमात मुख्यतः पुढील विषयांचा समावेश असतो :

- रक्तशास्त्र : रक्तपेशींची मोजणी, हिमोग्लोबिन, रक्त गोठण्याच्या चाचण्या
- जीवरसायनशास्त्र : रक्तातील साखर, युरिया, क्रिएटिनिन, यकृताच्या चाचण्या
- सूक्ष्मजीवशास्त्र : जीवाणूंचे रंजन, संवर्धन व प्रतिजैविकांना मिळणारा प्रतिसाद
- परजीवीशास्त्र : हिवताप, हत्तीरोग व आतड्यांतील कृमी
- रक्तपेढी : रक्तगट व रक्त जुळवणी
- ऊतिशास्त्र : ऊतींचे काप घेणे व रंगवणे

राज्यात परावैद्यक व्यावसायिकांच्या नोंदणीचे काम महाराष्ट्र परावैद्यक परिषद पाहते. देशपातळीवर या व्यवसायांच्या शिक्षणाचे व सेवेचे निकष ठरवण्यासाठी संसदेने २०२१ मध्ये राष्ट्रीय संबद्ध व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम संमत केला. तंत्रज्ञाने चाचणी करून निष्कर्ष नोंदवावयाचा असतो. त्या निष्कर्षावरून रोगाचे निदान करून उपचार ठरवण्याचा अधिकार मात्र नोंदणीकृत वैद्यकाचाच असतो. दुर्गम भागात ही सीमारेषा विशेष जपावी लागते, कारण वैद्यकीय अधिकारी दौऱ्यावर असताना रुग्ण ‘आता गोळी तुम्हीच द्या’ असा आग्रह तंत्रज्ञाकडेच धरतात.

प्राथमिक आरोग्य केंद्रातील कामाचे स्वरूप

आदिवासी व डोंगराळ भागात साधारणतः २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे असा निकष आहे. मैदानी भागात हेच प्रमाण अनुक्रमे ३०,००० व ५,००० असे आहे. गावात आशा स्वयंसेविका, उपकेंद्रात आरोग्य सेवक व आरोग्य सेविका आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रयोगशाळा तंत्रज्ञ अशी नमुन्यांची साखळी असते. काही तंत्रज्ञ नियमित पदांवर, तर काही राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली कंत्राटी पद्धतीने काम करतात.

हिवतापाची तपासणी

गडचिरोली हा महाराष्ट्रातील सर्वाधिक हिवतापग्रस्त जिल्हा म्हणून ओळखला जातो. येथे ‘प्लाझमोडियम फाल्सिपारम’ व ‘प्लाझमोडियम व्हायव्हॅक्स’ या दोन जातींचे परजीवी प्रामुख्याने आढळतात. फाल्सिपारममुळे मेंदूचा हिवताप होऊन रुग्ण थोड्याच अवधीत बेशुद्ध होऊ शकतो. व्हायव्हॅक्सचा परजीवी यकृतात सुप्तावस्थेत राहून आजार पुन्हा उद्भवू शकतो. दोहोंचे उपचार वेगळे असल्याने केवळ ‘हिवताप आहे’ एवढे सांगून भागत नाही, जातही ओळखावी लागते.

एकाच काचपट्टीवर रक्ताचा जाड ठिपका व पातळ थर असे दोन भाग तयार केले जातात. जाड ठिपक्यात थोड्या जागेत अधिक रक्त असल्याने परजीवी शोधणे सोपे जाते. पातळ थरात तांबड्या पेशी अखंड राहत असल्याने परजीवीची जात ओळखता येते. भारतातील हिवताप कार्यक्रमात रंजनासाठी जसवंतसिंग–भट्टाचार्जी यांच्या नावाने ओळखले जाणारे ‘जेएसबी’ रंजक दीर्घकाळ वापरात आहे. रंजनानंतर तेल टाकून उच्च क्षमतेच्या भिंगाखाली जाड ठिपक्याची किमान १०० दृष्टिक्षेत्रे पाहिल्यावरच काच ‘नकारार्थी’ ठरवता येते.

फाल्सिपारमची कोवळी अवस्था नाजूक अंगठीसारखी, तर त्याच्या लैंगिक पेशी चंद्रकोरीच्या आकाराच्या दिसतात. व्हायव्हॅक्समध्ये परजीवीने व्यापलेली तांबडी पेशी नेहमीपेक्षा मोठी झालेली असते. नवोदितांकडून रक्तकणिका, रंगाचे खडे किंवा काचेवरील धूळ यांना परजीवी समजण्याची चूक वारंवार होते. याउलट, विरळ परजीवी असलेली काच घाईने पाहिल्यास ती नकारार्थी ठरते. पहिली चूक रुग्णाला अनावश्यक औषध देते, तर दुसरी त्याचा जीव धोक्यात घालते.

अलीकडे आशा स्वयंसेविकांकडे शीघ्र निदान संच असतात. हे संच परजीवीची प्रथिने ओळखून सुमारे पंधरा ते वीस मिनिटांत निष्कर्ष देतात. मात्र फाल्सिपारमसाठी वापरले जाणारे एचआरपी-२ हे प्रथिन उपचारानंतरही काही आठवडे रक्तात राहू शकते. त्यामुळे रुग्ण बरा झाला की नाही हे या संचावरून ठरवता येत नाही. तसेच तीव्र उष्णतेत ठेवलेले संच निकामी होऊ शकतात. चंद्रपूरचा उन्हाळा देशातील अतिउष्ण उन्हाळ्यांपैकी एक असल्याने साठवणुकीचे तापमान पाहणे ही येथे औपचारिक बाब राहत नाही. या कारणांमुळे सूक्ष्मदर्शकाचे महत्त्व संपलेले नाही.

सिकलसेलची तपासणी

सिकलसेल हा हिमोग्लोबिनच्या रचनेतील आनुवंशिक दोष आहे. बीटा साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते आणि प्राणवायू कमी झाल्यास तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. १९१० मध्ये शिकागो येथील जेम्स हेरिक यांनी अशा पेशींचे वर्णन केले, तर १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी हा रेणूचा आजार असल्याचे दाखवले. भारतात निलगिरीतील आदिवासींमध्ये त्याची नोंद १९५२ साली झाली. विदर्भातील आदिवासी व अन्य काही समाजांत हा दोष लक्षणीय प्रमाणात आढळतो. महाराष्ट्रात या आजारावर दीर्घकाळ काम करणारे डॉ. सुदाम काटे यांना २०१९ मध्ये पद्मश्री देण्यात आली.

सिकलसेलचे वाहक असणाऱ्यांना फाल्सिपारम हिवतापाच्या गंभीर स्वरूपापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवून दिले. पिढ्यान्‌पिढ्या हिवताप असलेल्या प्रदेशांतच हा दोष का टिकून राहिला, याचे उत्तर त्यातून मिळते. जंगलपट्ट्यातील प्रयोगशाळेत एकाच दिवशी या दोन्ही आजारांचे नमुने यावेत, यामागे असा जैविक इतिहास आहे.

प्राथमिक चाचणी म्हणजे विद्राव्यता चाचणी. सोडियम डायथायोनाइटयुक्त द्रावणात रक्ताचा थेंब टाकल्यावर सदोष हिमोग्लोबिन विरघळत नाही व द्रावण गढूळ होते. परीक्षानळीच्या मागे धरलेल्या काळ्या रेघा दिसल्या तर चाचणी नकारार्थी आणि झाकल्या गेल्या तर होकारार्थी मानतात. ही चाचणी स्वस्त व सोपी असली, तरी तिच्या मर्यादा तंत्रज्ञाला ठाऊक असाव्या लागतात :

- व्यक्ती केवळ वाहक आहे की प्रत्यक्ष रुग्ण, हे या चाचणीवरून कळत नाही.
- सहा महिन्यांखालील बालकांत गर्भकालीन हिमोग्लोबिन अधिक असल्याने चाचणी चुकू शकते.
- तीव्र रक्तक्षय असल्यास किंवा नुकतेच रक्त चढवले असल्यास निष्कर्ष फसवा येऊ शकतो.

म्हणून होकारार्थी नमुन्याची विद्युत्संचारण पद्धतीने किंवा ‘एचपीएलसी’ यंत्रावर खातरजमा केली जाते. विद्युत्संचारणात हिमोग्लोबिनचे वेगवेगळे प्रकार पट्टीवर वेगवेगळ्या अंतरापर्यंत सरकतात. सामान्य व्यक्तीत ‘ए’, रुग्णात मुख्यतः ‘एस’, तर वाहकात ‘ए’ व ‘एस’ असे दोन्ही पट्टे दिसतात.

दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक गरोदरपणात अपत्य रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के व निर्दोष असण्याची २५ टक्के असते. यामुळे या चाचणीचा निष्कर्ष थेट विवाहाच्या निर्णयाशी जोडला जातो. ‘वाहक’ या शब्दाचा अर्थ ‘आजारी’ असा घेतला गेल्यास निरोगी मुलीचे ठरलेले लग्न मोडू शकते. खातरजमा होण्यापूर्वी निष्कर्ष न सांगणे, तो केवळ संबंधित व्यक्तीलाच सांगणे आणि समुपदेशकाकडे पाठवणे या गोष्टी म्हणूनच चाचणीइतक्याच महत्त्वाच्या ठरतात. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सुमारे ७ कोटी व्यक्तींच्या तपासणीचे लक्ष्य ठेवण्यात आले असून २०४७ पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट आहे. तपासणीची संख्या वाढत असताना गोपनीयता राखण्याची जबाबदारीही त्याच प्रमाणात वाढते.

क्षयरोगाची तपासणी

थुंकीच्या तपासणीत झील–नील्सन रंजनानंतर क्षयाचे जीवाणू निळ्या पार्श्वभूमीवर तांबड्या काड्यांसारखे दिसतात. शंभर दृष्टिक्षेत्रांत १ ते ९ जीवाणू आढळल्यास त्यांची संख्या लिहून निष्कर्ष ‘विरळ’ नोंदवतात, तर १० ते ९९ आढळल्यास ‘१+’ अशी श्रेणी देतात. त्याहून अधिक असल्यास ‘२+’ व ‘३+’ या श्रेणी वापरल्या जातात. लाळ आणि छातीतून खाकरून आलेली थुंकी यांतील फरक रुग्णाला समजावून सांगितला नाही, तर उत्तम सूक्ष्मदर्शकही उपयोगी पडत नाही. डोळ्यांवरील ताणामुळे एका तंत्रज्ञाने दिवसाकाठी २० ते २५ हून अधिक थुंकीच्या काचा पाहू नयेत असे मानले जाते.

आता जनुकीय चाचण्यांचा वापर वाढला आहे. गोव्यातील मोलबायो डायग्नोस्टिक्स या कंपनीच्या ‘ट्रूनॅट’ यंत्रास जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मान्यता दिली. हे यंत्र बॅटरीवर चालू शकते व रिफाम्पिसिन या औषधाला जीवाणू दाद देतो की नाही हेही सांगते. वीजपुरवठा खंडित होणाऱ्या भागांसाठी ही महत्त्वाची सोय आहे.

हत्तीरोग व कुष्ठरोग

हत्तीरोगाचे सूक्ष्म जंतू दिवसा फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांत दडून राहतात व रात्री बोटांच्या रक्तात उतरतात. त्यामुळे त्यांच्यासाठीचे रक्तनमुने रात्री साडेआठनंतर घरोघरी जाऊन घ्यावे लागतात. चंद्रपूर व गडचिरोली हे दोन्ही जिल्हे हत्तीरोगप्रवण आहेत. कुष्ठरोगाचे निदान आता बहुतांशी लक्षणांवरून होते. आवश्यक तेथे कानाच्या पाळीवरील त्वचेला बारीक छेद देऊन घेतलेल्या द्रवात जीवाणूंचा शोध घेतात.

गरोदर मातांची तपासणी

हिमोग्लोबिन, रक्तगट, लघवीतील प्रथिने व साखर, एचआयव्ही आणि सिफिलिस या चाचण्या गरोदर मातांसाठी केल्या जातात. हिमोग्लोबिन प्रति डेसिलिटर ११ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास गरोदर स्त्रीला रक्तक्षय आहे असे मानतात. ते ७ ग्रॅमच्या खाली गेल्यास तिला वेळीच मोठ्या रुग्णालयात पाठवावे लागते. रुग्णालय शंभर किलोमीटर दूर आणि वाटेत नाला भरलेला असताना, प्रसूतीच्या दोन महिने आधी मिळालेला हा एक आकडा मातेचे प्राण वाचवू शकतो.

सेवेच्या प्रारंभीच्या वर्षांतील आव्हाने

नमुन्यांचे जतन

रक्त शरीराबाहेर आल्यावरही त्यातील पेशी जिवंत राहून साखर वापरत असतात. न वेगळ्या केलेल्या रक्तातील साखर सामान्य तापमानात दर तासाला सुमारे ५ ते ७ टक्के घटते. उपकेंद्रावर सकाळी घेतलेला नमुना दुपारी मोटारसायकलवरून प्रयोगशाळेत पोहोचला, तर मधुमेही रुग्णाची साखर सामान्य दिसू शकते. त्यासाठी फ्लोराइडयुक्त, करड्या झाकणाची नळी वापरतात. रक्तपेशींच्या मोजणीसाठी जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी लागते. खडबडीत रस्त्यावर नमुना हादरून पेशी फुटल्यास पोटॅशियमचे प्रमाण खोटेच वाढलेले येते. अशा वेळी आकडा न देता ‘नमुना अयोग्य, पुन्हा घ्यावा’ असे लिहिणे हाच योग्य निष्कर्ष असतो. नव्या तंत्रज्ञाला हे लिहिण्याचे धैर्य यावयास वेळ लागतो, कारण पुन्हा नमुना देण्यासाठी रुग्णाला कित्येक किलोमीटर पायपीट करावी लागणार हे त्याला दिसत असते.

एकाकीपणा व निर्णय

शिकाऊ काळात शंकास्पद काच वरिष्ठांना दाखवता येते. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही सोय सहसा नसते. त्यामुळे शंका आल्यास दुसरी काच तयार करणे, ज्ञात होकारार्थी काच जवळ ठेवून तुलना करणे, काच जपून ठेवून पुढील तपासणीस पाठवणे आणि वैद्यकीय अधिकाऱ्यास शंका स्पष्ट सांगणे, या सवयी सुरुवातीसच लावून घ्याव्या लागतात. ‘परजीवी आढळला नाही’ आणि ‘हिवताप नाही’ या दोन विधानांत मोठा फरक आहे. पहिले विधान तंत्रज्ञाचे असते, तर दुसरे रुग्णाची लक्षणे पाहून वैद्यकाने करावयाचे असते.

कामाचा ताण व प्रामाणिकपणा

पावसाळ्यात गावोगावच्या काचांचे गठ्ठे एकाच वेळी येऊन पडतात. अशा वेळी शंभर दृष्टिक्षेत्रांऐवजी वीस-पंचवीस पाहून काच बाजूला ठेवण्याचा मोह होतो. न पाहिलेली काच नोंदवहीत ‘नकारार्थी’ लिहिली गेल्यास ती चूक कोणाच्या लक्षात येत नाही. ती पुढे रुग्णाच्या शरीरात आणि गावातील साथीच्या रूपाने प्रकट होते. यावर उपाय म्हणून सर्व होकारार्थी व ठरावीक प्रमाणातील नकारार्थी काचा वरच्या प्रयोगशाळेत पुन्हा तपासल्या जातात. ही फेरतपासणी दोष काढण्यासाठी नसून शिकण्याची संधी आहे, अशी दृष्टी ठेवणारा तंत्रज्ञ लवकर परिपक्व होतो. तापलेल्या व्यक्तींच्या काचांना प्राधान्य देणे आणि उरलेल्या काचा प्रलंबित असल्याचे उघडपणे नोंदवणे हे खोट्या पूर्ततेपेक्षा केव्हाही श्रेयस्कर असते.

सुरक्षितता

सुई टोचणे, नळी फुटणे व थुंकीचे तुषार उडणे हे या व्यवसायातील नेहमीचे धोके आहेत. हिपॅटायटिस ‘बी’ची लस तीन मात्रांत घेणे, वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण न लावणे आणि जैववैद्यकीय कचरा रंगनिहाय वेगळा करणे आवश्यक असते. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचल्यास प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर, शक्यतो दोन तासांच्या आत सुरू करावे लागते. ७२ तासांनंतर त्याचा उपयोग होत नाही. दुर्गम केंद्रात हे औषध कोठे मिळेल हे अपघातापूर्वीच माहीत करून घेणे महत्त्वाचे ठरते.

लोकसंपर्क

पुजाऱ्याकडून उपचार घेऊन मगच दवाखान्यात येण्याची रीत काही गावांत आहे. बोटातून रक्त काढण्याविषयी भीती व गैरसमजही आढळतात. ‘सर्च’च्या रुग्णालयास स्थानिक आदिवासींच्या श्रद्धेला अनुसरून ‘माँ दंतेश्वरी दवाखाना’ असे नाव देण्यात आले, हे विश्वास संपादनाचे उदाहरण मानले जाते. गोंडी वा माडियातील चार वाक्ये शिकलेला तंत्रज्ञ अनेकदा महागड्या यंत्रापेक्षा अधिक नमुने मिळवतो.

बदलते स्वरूप

राज्यातील शासकीय आरोग्य संस्थांत आता अनेक चाचण्या ‘महालॅब’ योजनेखाली बाह्य यंत्रणेमार्फत विनामूल्य केल्या जातात. नमुने एका ठिकाणी गोळा होऊन मोठ्या प्रयोगशाळेत जातात व अहवाल संगणकीय प्रणालीद्वारे परत येतात. २०२० मधील कोविड-१९ साथीच्या प्रारंभी या दोन जिल्ह्यांतील नमुने नागपूरला पाठवावे लागले होते. जिल्हास्तरावर जनुकीय चाचणीची सोय असणे किती आवश्यक आहे, हे त्या अनुभवाने अधोरेखित केले.

यंत्रे वाढल्याने तंत्रज्ञाचे काम कमी झाले, असे मात्र नाही. यंत्राने दिलेला आकडा रुग्णाच्या स्थितीशी जुळतो की नाही हे पाहणे, दररोज नियंत्रण नमुना चालवणे आणि विसंगती आढळल्यास अहवाल थांबवणे ही कामे माणसालाच करावी लागतात. काही वर्षांच्या अनुभवानंतर तंत्रज्ञांना जिल्हा रुग्णालय, रक्तपेढी, सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा, संशोधन संस्था किंवा अध्यापन या दिशांनी पुढे जाता येते. हिवतापाच्या काचा वर्षानुवर्षे पाहिलेले तंत्रज्ञ पुढे नवोदितांचे प्रशिक्षक म्हणूनही काम करतात.

महत्त्व

हिवतापाचा रुग्ण शून्यावर आल्याचे जाहीर करण्यासाठीही काचा पाहणारा कोणीतरी लागतोच. रुग्णसंख्या घटू लागली की होकारार्थी काच क्वचितच दिसते, आणि ती ओळखण्याचा सरावही कमी होतो. निर्मूलनाच्या अखेरच्या टप्प्यात म्हणूनच कुशल सूक्ष्मदर्शन अधिक गरजेचे ठरते. चंद्रपूर व गडचिरोलीच्या वनप्रदेशात नवोदित तंत्रज्ञाने मिळवलेले कौशल्य हे त्यामुळे केवळ वैयक्तिक उपजीविकेचे साधन राहत नाही, तर सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेच्या विश्वासार्हतेचा आधार बनते.

हे सुद्धा पहा

- गडचिरोली जिल्हा
- चंद्रपूर जिल्हा
- हिवताप
- सिकलसेल
- क्षयरोग
- लोकबिरादरी प्रकल्प
- आनंदवन
- हाफकिन संस्था